चालता ट्रॅक्टर बंद पडतो, अर्ध्या तासाने आपोआप सुरू होतो: पंप उतरवण्याआधी हे पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ४५ एचपीचा, तीन सिलिंडरचा, दहा-बारा वर्षं वापरलेला ट्रॅक्टर. रोटाव्हेटरला लावला की पाऊण तास, तासभर झकास चालतो. मग आवाज उतरतो, दोन-चार आचके देतो आणि बंद पडतो. सेल्फ मारला तर इंजिन नेहमीसारखं फिरतं, पण घेत नाही. अर्धा तास बांधावर बसलं की पहिल्याच सेल्फला सुरू. रस्त्यावर ट्रॉलीला असा त्रास क्वचितच. दोन्ही डिझेल फिल्टर बदलून झाले, टाकीत डिझेल भरपूर आहे. मेस्त्री म्हणतो पंप (सिलिंडरला दाबाने डिझेल देणारा) गेलाय, उतरवून कॅलिब्रेशनला, म्हणजे मशीनवर तपासून दुरुस्त करायला, पाठवा.

पंप उतरवू नका. निदान अजून तरी नाही.

पंप बिघडत नाही असं माझं म्हणणं नाही. पण तुम्ही सांगितलेली लक्षणं पंपाकडे बोट दाखवत नाहीत. झिजलेल्या रोटरी (फिरत्या गाभ्याच्या) पंपाची खोड वेगळी असते. काम करताना तो सहसा बंद पडत नाही, कारण इंजिन वेगात असताना झीज असूनही पंप पुरेसा दाब तयार करतो. त्याची पंचाईत होते ती गरम इंजिन तुम्ही स्वतः बंद करून चहाला गेलात आणि परत येऊन सेल्फ मारलात की. डिझेल तापून पातळ झालेलं असतं, सेल्फवर पंप फिरतो सावकाश, आणि आतल्या झिजलेल्या फटीतून दाब निसटतो. म्हणून आधी एवढंच आठवा: जेवणाच्या सुट्टीत मुद्दाम बंद केलेला गरम ट्रॅक्टर लगेच सुरू होतो का? होत असेल तर पंपावरचा संशय बराच कमी झाला.

दुसरी गोष्ट. लाइनमध्ये एअर घेतलं असतं तर ट्रॅक्टर अर्ध्या तासाने आपोआप सुरू झाला नसता. एकदा हवा शिरली की फिल्टरचा स्क्रू सैल करून, प्रायमर (हाताने डिझेल ढकलायचा दांडा) मारून ती काढावी लागते. तुमच्याकडे काहीच न करता नुसतं थांबल्याने काम होतंय. म्हणजे वाट अडवणारं जे काही आहे ते थांबल्यावर आपसूक बाजूला होतंय, किंवा तापल्यावर बंद पडणारं काहीतरी थंड झाल्यावर शुद्धीवर येतंय. या दोनच जाती. पहिल्या जातीत टाकीच्या झाकणाचं भोक, टाकीतला तरंगता कचरा आणि आतून सोललेला रबरी पाइप येतात. दुसरीत स्टॉप सोलेनॉइड (डिझेलची वाट उघड-बंद करणारा विजेचा व्हॉल्व) आणि पंप.

आता खरी अडचण सांगतो. अशा गाडीचा पुरावा असतो तो बंद पडल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत. मेस्त्री येतो संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी, तोवर ट्रॅक्टर छान सुरू झालेला असतो. मग तो अंदाजाने एक एक सुटा भाग बदलत जातो आणि अंदाजाचं बिल तुम्ही भरता. म्हणून ही तपासणी तुम्हाला किंवा तुमच्या ड्रायव्हरला शेतातच करावी लागेल, तीही ट्रॅक्टर मेलेला असताना. टूलबॉक्समध्ये पाने, एक पारदर्शक प्लास्टिकची बाटली, पाच लिटरचा स्वच्छ कॅन, दीड-दोन मीटर पारदर्शक पाइप, दोन क्लिपा, एक टेस्ट लॅम्प आणि जुना सुती कपडा ठेवा.

बंद पडला की सेल्फवर सेल्फ मारत बसू नका. त्याने बॅटरी उतरते, सेल्फ तापतो, कळत काहीच नाही. खाली उतरा आणि पहिल्यांदा टाकीचं झाकण उघडा. उघडताना कान द्या. फुस्स करून हवा आत ओढली गेली आणि त्यानंतर एक-दोन सेल्फमध्ये ट्रॅक्टर सुरू झाला, तर दुखणं सापडलं. झाकणाचं श्वास घेण्याचं भोक बुजलंय. रोटाव्हेटरला तुमचा ट्रॅक्टर ताशी पाच-सात लिटर डिझेल खातो. तेवढी जागा टाकीत हवेने भरली पाहिजे. भोक बुजलं तर काचेच्या सलाईनच्या बाटलीला हवेची सुई न टोचल्यासारखं होतं: बाटली भरलेली, थेंब मात्र पडत नाही. थांबल्यावर कुठल्या तरी बारीक फटीतून हवा हळूहळू आत झिरपते आणि अर्ध्या तासाने गाडी चालू. तुमच्या वर्णनाला हे इतकं तंतोतंत बसतं की मी पैज लावायची तर यावरच लावेन.

हे भोक बुजवतं कोण? धूळ आणि डिझेल मिळून झालेला चिखल तर असतोच. पण उन्हाळ्यात उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरमध्ये कुंभारीण माशीनं मातीचं बूच मारलेलं मी पाहिलंय. झाकण वरून स्वच्छ, पुसलेलं, आणि आत भोकात मातीची गोळी घट्ट बसलेली. झाकण डिझेलमध्ये भिजवून बारीक तारेने भोक मोकळं करा, मग फुंकून बघा. काही झाकणांत छोटा व्हॉल्व असतो, तो चिकटला असेल तर झाकणच बदला. आणि मूळ झाकण हरवलं म्हणून भलत्याच गाडीचं, बिनभोकाचं झाकण लावलेलं असेल तर पुढचं काही वाचायची गरज नाही.

झाकण उघडून फरक पडला नाही, तर आता एकाने सेल्फ मारायचा आणि दुसऱ्याने सायलेन्सरकडे बघायचं. धूर अजिबात नाही, म्हणजे सिलिंडरपर्यंत डिझेल पोचतच नाही. पांढरा धूर निघतोय, म्हणजे डिझेल जातंय पण पेटत नाही. तिथून वाट वेगळी होते: कॉम्प्रेशन, टायमिंग, सेल्फ मंद फिरणं किंवा डिझेलमध्ये पाणी. तुमच्या बाबतीत बहुधा धूर नसेल. एका वेळी सेल्फ दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये अर्धा-एक मिनिट विश्रांती द्या.

धूर नसेल तर फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू दोन आटे सैल करा आणि फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाचा) हँड प्रायमर मारा. या एका कृतीत निम्मं निदान होतं, म्हणून ती घाईत उरकू नका. बुडबुड्यांशिवाय, जोरात, भरभरून डिझेल आलं तर टाकीपासून फिल्टरपर्यंत सगळं ठीक आहे, दुखणं पुढे आहे. फेस आला तर अलीकडे कुठून तरी हवा ओढली जातेय. आणि प्रायमर हाताला जड लागतोय, दाबला तर वर येत नाहीये, डिझेल थेंब-थेंब येतंय, असं असेल तर मागे कुठेतरी वाट तुंबलीय. स्क्रू सैल करण्याआधी त्याच्याभोवतीची माती कपड्याने पुसून घ्या. शेतातली एक चिमूट धूळ पंपात गेली तर नसलेला रोग मागे लागेल.

तुंबलंय असं दिसलं तर टाकीकडून येणारा पाइप फीड पंपाजवळ सोडा आणि बाटलीत धरा. टाकी वरच्या अंगाला असेल तर बोटाएवढी नाही तरी करंगळीएवढी सलग धार पडायला हवी, आणि ती मिनिटभर तशीच टिकायला हवी. सुरुवातीला धार चांगली आणि मग बारीक होत गेली, तर टाकीत काहीतरी तरंगतंय आणि ओढीने तोंडाशी येऊन बसतंय. कॅनच्या झाकणाखालचा प्लास्टिकचा कागद, पाचटाचा तुकडा, टाकीच्या आतून सुटलेला गंजाचा पापुद्रा, काहीही असू शकतं. इंजिन बंद झालं, ओढ थांबली की तो तुकडा पुन्हा तरंगत दूर जातो. रिकाम्या झालेल्या टाकीत टॉर्च मारल्यावर तळाशी पडलेला पिशवीचा इवलासा कोपरा दिसतो आणि हंगामभराचा वैताग एवढ्याशा गोष्टीचा होता हे कळतं. झाकण काढून ठेवून पाइपमधून टाकीकडे उलटी हवा मारली तर तात्पुरतं काम होतं, पण कचरा आतच राहतो. टाकी उतरवून धुणं हाच उपाय. टाकीच्या कॉकला किंवा बॅन्जो बोल्टच्या (मधून डिझेल जाणाऱ्या पोकळ बोल्टच्या) आत बारीक जाळी असते, फीड पंपाच्या वाटीतही असते. फिल्टर दोनदा बदलणारे लोक या जाळीला हात लावत नाहीत, कारण ती दिसत नाही.

तिसरा संशयित रबरी पाइप. बाहेरून नवा वाटतो, पण आतला थर सुटून त्याची जीभ तयार होते. ओढ वाढली की ती जीभ वाट बंद करते, ओढ थांबली की परत चिकटते. रोटाव्हेटरला पूर्ण लोड सतत असतो, म्हणजे ओढही सतत. रस्त्यावर उतार, वळण, गिअर बदलताना तिला श्वास मिळतो. तुम्हाला ट्रॉलीला त्रास क्वचितच होतो त्याचं कारण हेही असू शकेल. दहा वर्षांचे डिझेलचे रबरी पाइप फार तपासत बसू नका, सरळ बदला. पंपाच्या तुलनेत त्याचा खर्च किरकोळ आहे.

हे सगळं एका झटक्यात ठरवायचं असेल तर टांगता कॅन. कॅनमध्ये गाळलेलं डिझेल घ्या, तो इंजिनापेक्षा उंच, पण सायलेन्सरपासून लांब, नीट बांधा, आणि पारदर्शक पाइपने थेट फीड पंपाच्या तोंडाला जोडा. एअर काढून ट्रॅक्टर सुरू करा आणि त्याच शेतात, त्याच गिअरला रोटाव्हेटर चालवा. कॅन संपत आला की थांबून भरा. तासाभरात बंद पडला नाही, तर दोष टाकी, झाकण, जाळी आणि पाइप यांतच आहे, पंपाला कुणी हात लावायचा नाही. कॅनवरही बंद पडला, तर दोष फीड पंपात किंवा त्याच्या पुढे. मेस्त्रीशी वाद घालण्यापेक्षा त्याला ही चाचणी दाखवा. चांगला मेस्त्री असेल तर तो स्वतःच हसेल. पारदर्शक पाइपचा आणखी एक फायदा म्हणजे बुडबुडे डोळ्यांना दिसतात. ओढीच्या बाजूला गळती असेल तर डिझेल बाहेर सांडत नाही, हवा आत जाते, त्यामुळे कोरड्या दिसणाऱ्या जोडावरही विश्वास ठेवू नका. जोड उघडलाच तर तांब्याचा वायसर नवा घाला. नवा नसेल तर जुना लाल होईस्तोवर तापवून पाण्यात टाका, तो पुन्हा मऊ होतो आणि बसतो.

फीड पंपाबद्दल एवढंच: डिपस्टिक काढून ऑइलची पातळी बघा, वास घ्या. ऑइल आपोआप वाढलेलं असेल आणि त्याला डिझेलचा वास असेल, तर पडद्याच्या जातीच्या फीड पंपाचा पडदा फाटलाय किंवा मोठ्या पंपाच्या शाफ्टचं सील गेलंय. अशा ऑइलवर इंजिन चालवणं म्हणजे बेअरिंगची वाट लावणं, ते ताबडतोब थांबवा.

आता तापण्याची जात. तुमचा ट्रॅक्टर किल्लीने बंद होतो की खेचायच्या नॉबने, हे तुम्ही लिहिलेलं नाही. किल्लीने होत असेल तर पंपावर स्टॉप सोलेनॉइड असतो. बहुतेक रोटरी पंपांवर त्याला १२ व्होल्ट मिळत असतील तोवरच डिझेलची वाट उघडी राहते. तापल्यावर त्याची गुंडाळी तुटल्यासारखी वागते, थंड झाल्यावर पुन्हा जुळते. फक्त यात इंजिन आचके देत नाही, किल्ली फिरवल्यासारखं एकदम गप्प होतं. म्हणून तुमच्या बाबतीत मी हा संशय खाली ठेवलाय. तरी तपासणी सोपी आहे: बंद पडलेल्या अवस्थेत किल्ली ऑन-ऑफ करा, पंपाजवळ टक असा आवाज यायला हवा. नाही आला तर वायरीला टेस्ट लॅम्प लावा. लॅम्प लागतोय पण टक नाही, सोलेनॉइड गेला. लॅम्पच लागत नाही, मग फ्यूज, किल्लीचा स्विच, किंवा कंपनाने सैल झालेलं टर्मिनल. नॉबचा ट्रॅक्टर असेल तर केबल पूर्ण परत गेलीय का ते पंपावरच्या लिव्हरकडे बघून ठरवा. नॉब आत गेला म्हणजे लिव्हर सुटला असं नाही.

आणि शेवटी पंप. फिल्टरपर्यंत डिझेल भरभरून, सोलेनॉइड टक करतोय, तरी नोझलकडे (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोंडाकडे) काही नाही, अशा वेळी मोठा सुती कपडा थंड पाण्यात भिजवून पिळा आणि पंपावर टाका. सोलेनॉइडची वायर भिजवू नका. दहा मिनिटांनी कपडा बदला. एरवी अर्धा तास घेणारा ट्रॅक्टर त्याआधीच सुरू झाला आणि असं दर वेळी झालं, तर मेस्त्री बरोबर होता. पंप झिजलाय, पाठवा. मात्र कॅलिब्रेशनवाल्याकडून बदललेले सुटे भाग परत मागून घ्या, आणि तेव्हाच नोझलही तपासून घ्या. अशा जुन्या पद्धतीच्या इंजिनात नोझल साधारण २०० बारच्या आसपास उघडते. नेमका आकडा तुमच्या मॉडेलचा घ्यायचा, दुसऱ्याचा नाही. काही रोटरी पंपांच्या आत गव्हर्नरची (इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेची) लवचिक रिंग असते. ती जुनी होऊन तुटते आणि तिचे काळे तुकडे रिटर्नच्या (जास्तीचं डिझेल परत नेणाऱ्या पाइपच्या) तोंडाशी जाऊन बसतात. रिटर्नचा जोड उघडल्यावर बारीक काळे कण दिसले तर पंप उघडावाच लागेल, तिथे घासाघीस नको.

नोझलकडे डिझेल येतंय का हे बघायला पाइपचा नट नोझलच्या टोकाला अर्धा आटा सैल करून सेल्फ मारतात. चष्मा घाला, हात लांब ठेवा. बारीक छिद्रातून त्या दाबाने निघालेलं डिझेल कातडी भेदून आत जातं. वरून टोचल्यासारखी खूण दिसते, आत बोट सडतं. असं झालं तर दुखत नसलं तरी त्याच तासाला दवाखाना.

नवीन ट्रॅक्टरवाल्यांसाठी इथेच एक कडक सूचना. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना ट्रेम-४ (धुराच्या प्रदूषणाचे नियम) लागू झालं, आणि त्या गटात कॉमन रेल (सगळ्या नोझलना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल देणारी) इंजिनं सर्रास दिसू लागली. तिथे दाब हजार बारच्या पुढे जातो. त्याचा पाइप सैल करून बघायचा नाही, सेल्फवरही नाही. फिल्टर बदलताना त्यात बाहेरून डिझेल ओतून भरायचाही नाही. न गाळलेलं डिझेल सरळ स्वच्छ बाजूला जातं. अशा इंजिनात गरम झाल्यावर बंद पडून थंड झाल्यावर सुरू होण्यामागे क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे कळवणारा) हा नेहमीचा संशयित आहे. सेल्फ मारताना मीटरवर आरपीएमचा काटा हललाच नाही तर पहिला त्याच्यावर डोळा ठेवा. पण झाकण, जाळी, रबरी पाइप आणि पाणी यांची तपासणी तिथेही तशीच लागू आहे. स्कॅनर लावणाऱ्यालाही आधी टाकीचं झाकण उघडायला सांगा.

पाण्याबद्दल दोन वाक्यं. फिल्टरच्या खालचा ड्रेन प्लग सैल करून पहिलं पाव लिटर पारदर्शक बाटलीत घ्या आणि पंधरा मिनिटं स्थिर ठेवा. पाणी जड असल्याने खाली बसतं आणि मधली रेघ स्पष्ट दिसते. त्या रेघेवर काळपट शेवाळासारखा थर असेल तर टाकीत जिवाणू-बुरशी माजलीय, नवे फिल्टर चार दिवसांत पुन्हा तुंबतील. पावसाळ्यात ट्रॅक्टर रात्री अर्ध्या टाकीने उभा ठेवू नका.

तुमचं इंजिन मोकळं फिरतंय, म्हणून जाम होण्याबद्दल मी लिहिलं नाही. पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाचा ट्रॅक्टर कण्हत, जड होत बंद पडला असेल आणि सेल्फ नुसता गुरगुरत असेल, तर तो डिझेलचा रोग नव्हे. रेडिएटरची जाळी भुशाने भरलीय का, पाणी संपलंय का, ऑइल आहे का हे बघा. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नका, रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. ऑइल दुधाळ दिसलं तर सेल्फला हात लावायचा नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर सांगली-कोल्हापूरकडच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको: पाण्यात बुडालेलं इंजिन नोझल काढल्याशिवाय फिरवलं की सिलिंडरमधलं पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

आणि एअर क्लीनरच्या तोंडाशी पेट्रोलचा बोळा किंवा पेटती चिंधी धरणं बंद करा. डिझेल पोचत नसलेलं इंजिन त्याने दोन ठोके मारेल आणि पुन्हा गप्प बसेल. निदान शून्य, वर पिस्टनला मार. ज्या इंजिनात एअर हीटर किंवा ग्लो प्लग आहे तिथे इंजिन सुरू करायचा स्प्रे मारणं तर सरळ धोका आहे. दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून सुरू करण्याचंही तेच: बॅटरी उतरली असेल तेव्हा ठीक, डिझेल नसताना ओढून काय मिळणार?

पुढच्या वेळी शेतात बंद पडला की एवढं टिपून मला कळवा: झाकण उघडताना हवेचा आवाज आला का, सेल्फवर धूर कोणता, प्रायमरवर डिझेल कसं आलं, किल्लीवर टक झाली का, आणि टांगत्या कॅनवर किती वेळ चालला. पंपावरच्या प्लेटचा फोटो आणि बंद करायची पद्धतही सांगा. तोवर रोटाव्हेटरचं काम अडलं असेल तर झाकण सैल ठेवून, भोकावर कपड्याची घडी बांधून एक दिवस चालवून बघा. घडी घट्ट बांधू नका, हवा जायला हवी, आणि धूळ आत पडायला नको.